कोठारातल्या दोन पायल्या

दिवाळीच्या पणत्या उचलून ठेवल्या की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस लागतात. पुण्यामुंबईकडच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजीचे गाळे आठवतात. आमची मंडई वेगळी. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. लेकीबाळी माहेरी येतात, घरं पाहुण्यांनी भरतात, चौकात दंडार नाचते, जिलबीची कढई चढते, तळ्यातले शिंगाडे टोपल्यांनी येतात आणि नाटकाची जाहिरात करत फिरणाऱ्या गाडीतल्या माणसाचा घसा दुपारपर्यंत बसलेला असतो. परवा चंद्रपूरहून मूलच्या एसटीत चढले, तर तिकीट फाडायच्या आधीच कंडक्टरनं विचारलं, "मंडईले का, बाई?" मी म्हटलं, "संग्रहालयात." त्याला ते काही पटलेलं दिसलं नाही. या दिवसांत शहाणं माणूस मंडई सोडून दुसरीकडे कशाला जाईल!

खिडकीतून धानाचा वास येत होता. हलकं धान कापून झालंय, भारी धान अजून उभं आहे. कापलेल्या बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या खाचरांमधून, लाखोळी डाळीचे कोवळे वेल वर आलेत, आणि बांधावर धानाचे पुंजणे रचून ठेवलेत. मी नोकरीची सगळी वर्षं ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत कोळसा तपासण्यात घालवली. कोळशाची भुकटी नाकात जाऊन बसली की मोगऱ्याचाही वास धड येत नाही. पण धानाचा वास तेवढा कुठल्याही अडथळ्यातून आत शिरतो. तो आला की मी सहा-सात वर्षांची होते, आणि मला भूक लागते. खरीखुरी भूक, पोटात कळ आणणारी. घरून पोटभर जेवून निघाले असले तरी.

आणि गेली काही वर्षं त्या वासासोबत आणखी एक गोष्ट येते. संग्रहालय उघडलं त्या वर्षीचं कोठार.

चिचखेड्याला आमचं एक लहानसं संग्रहालय आहे. आमचं म्हणजे गावाचं. चिचखेडा माझं जन्मगाव, आणि संग्रहालय ज्या इमारतीत आहे ते गावच्या मालगुजारांचं, म्हणजे जमीनदारांचं, धानाचं कोठार. मालगुजारी गेली तरी जमिनी बऱ्याच काळ त्यांच्याकडेच होत्या, आणि त्या जमिनींचं धान या कोठारात येत होतं. पुढे घराणं पांगलं. मागे राहिले एकटे भैयाजी, शेवटच्या मालगुजारांचे धाकटे चिरंजीव. आता सत्तरी ओलांडलेले, पांढरा सदरा, जुनी स्कूटर, आणि समोरच्याला आधी बसायला सांगून मग बोलायची सवय. त्यांनी कोठार गावाला देऊन टाकलं. "धान तर आता येत नाई. उंदरं सांभाळण्यापेक्षा इतिहास सांभाळा," म्हणाले.

मी तेव्हा नुकती निवृत्त झाले होते. घरी मी आणि माझी माय. मी चंद्रपुरात स्वस्थ बसून मालिका बघाव्यात अशी सगळ्यांची अपेक्षा होती. माझ्या स्वभावात ते नाही. दर शनिवारी एसटी पकडायची, चिचखेड्याला उतरायचं, अंगणवाडीतल्या सुमनबाईकडून किल्ली घ्यायची आणि दिवसभर कोठारात खपायचं, असा नेम मी धरला. पगार नाही, भत्ता नाही, आणि जेवणाचा डबा आपापला. लोक घरातलं जुनं आणून देत होते. बांबूची धानाची ढोली आली, मासे धरायचे सापळे आले, दंडारीतल्या लाकडी तलवारी आल्या, सिरोंचाकडच्या कुणा जावयानं दगड झालेल्या लाकडाचा एक तुकडा आणून दिला. एकानं न चालणारा टीव्ही आणला. तोही मी ठेवून घेतला. पन्नास वर्षांनी कुणी तरी त्याच्यापुढे उभं राहून आश्चर्य करेल.

स्वयंसेवा म्हटलं की लोकांना वाटतं, काही तरी उदात्त चाललंय. प्रत्यक्षात ती वाळवीशी मारामारी असते. कडुलिंबाचा पाला वाळवून कपाटात पसरायचा, भिंतींचे पोपडे झाडायचे, मुंगसाला हाकलायचं. आणि प्रत्येक वस्तूखाली एक चिठ्ठी लावायची: हे काय, कुणाचं, कशासाठी. चिठ्ठ्यांचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर बरं आणि प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर चिकटपट्ट्या लावून हात बसलेला. वस्तू मुकी असते. तिच्यापुढे येणारा माणूस तिला बघत नाही, चिठ्ठी वाचतो, आणि मग म्हणतो, "अच्छा, असं हाय का." चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या हातात केवढी ताकद असते हे मला त्या कामात पहिल्यांदा कळलं.

कोठाराच्या आतल्या खोलीत धानाच्या कोंड्याखाली दोन पितळी पायल्या निघाल्या. धान मोजायची मापं. काळवंडलेल्या, काठ झिजलेल्या. सुमनबाईनं बघितल्या आणि सहज बोलून गेली, "ह्या पाहा, देयाची एक अन् घेयाची एक." गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मजुरी द्यायची तेव्हा लहान पायलीनं, बटईचं, म्हणजे वाट्यानं कसलेल्या जमिनीचं, धान घ्यायचं तेव्हा मोठ्या पायलीनं. आमच्या घरात तर हे मी दुधासोबत प्यायले होते. माय सांगायची, "त्याईनं देल्लं का घरी येऊन कमी भरे. त्याईनं घेतलं का आपल्या अंदाजापेक्षा जास्त जाये." माझी आजी, माय, माझ्या दोन्ही मावश्या या कोठारासाठी कापण्या करत आल्या. आजोबांनी दीक्षा घेतली, घरातले देव गेले, गावकीची कामं सुटली. धानाची मजुरी तेवढी सुटली नाही, कारण पोट सुटलं नव्हतं.

पायल्या हातात घेतल्या आणि मला सांगता येणार नाही इतका राग आला. त्याच दुपारी मी चिठ्ठी लिहिली: 'यातली लहान पायली मजुरांना धान देण्यासाठी वापरली जाई, मोठी त्यांच्याकडून धान घेण्यासाठी.' लाल शाईनं नाही, साध्या काळ्या शाईनं. तेवढं भान होतं.

भैयाजींनी ती वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. ज्या भिंतीशी पायल्या मांडल्या होत्या तिथेच वर त्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता. जागेचे दाते म्हणून आम्हीच तो लावला होता.

"मॅडम, 'धान मोजण्याची जुनी साधने' असं लिहिलं तर?"

"ते तर कुणालाही बघून कळेल, भैयाजी."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "लिहा. मी नाई म्हणत नाई. पण मी गेल्यावर लिहा."

असं कुणी म्हटलं की आपण विरघळतो. मीही विरघळले असते. पण घरी माय होती. ऐंशी उलटलेली, हिवाळा लागला की छातीत घरघर, डॉक्टर दर वेळी "जपा" एवढंच म्हणणारे. मी म्हटलं, "माझी माय तुमच्याआधी गेली तर मी ती चिठ्ठी कुणाला दाखवू?" माझ्याकडे त्या दिवसापासून एक ठरलेली तारीख होती: मंडई. त्याच दिवशी संग्रहालय लोकांसाठी उघडायचं होतं. त्या दिवशी माय येईल आणि चिठ्ठी जागेवर असेल. एवढंच मला हवं होतं, आणि त्याहून कमी काहीही नको होतं.

सुमनबाई समजवायला आली. "त्याईनं एवढी जागा देल्ली, मॅडम. एका चिठ्ठीसाठी वाकडं काऊन घेता?" सरपंचांनी सुचवलं, चिठ्ठी लावू पण कपाटाच्या मागच्या अंगाला लावू. दुधाची तहान ताकावर भागवायला मी तयार नव्हते. भैयाजींशी माझं भांडण मात्र कधी झालं नाही, हीच मोठी पंचाईत. ते दर शनिवारी येत, मला आधी बसायला सांगत, स्वतः फडकं घेऊन ढोली पुसत. वाईट माणसाशी लढणं किती सोपं असतं! चांगल्या माणसाशी लढताना आपला आवाज चढला की आपल्यालाच ऐकू येतो.

मंडई जवळ आली तशी माझ्यातली प्रयोगशाळा जागी झाली. नुसतं लहान-मोठी म्हणून कसं चालेल, किती लहान ते लिहावं. सुमनबाईकडून नवं धान मागून घेतलं. एक पायली काठोकाठ भरली, वरून पट्टी फिरवली आणि दुसरीत ओतली. दुसरी पायली काठोकाठ भरली. वर पट्टी फिरवली तर एक दाणा सांडला नाही. मी उलटं करून बघितलं. पाण्यानं करून बघितलं. कितीदा केलं ते विचारू नका. दोन्ही पायल्या सारख्या होत्या.

मी तोंडघशी पडले होते. इतकी वर्षं साहेबांनी दडपण आणलं तरी कोळशाचा एक आकडा मी कधी इकडचा तिकडे केला नाही. आणि इथे, ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त खात्री होती, तीच न मोजता लिहून बसले होते. पण त्याहून जास्त टोचत होतं ते दुसरंच. मग माय खोटं बोलत होती का? आजी? अख्खं गाव? की भुकेल्या माणसाला मिळालेलं कमीच वाटतं आणि दिलेलं जास्तच?

घरी येऊन मायला विचारलं. ती लसूण सोलत बसली होती.

"माय, पायली लहान होती हे तू पाहिलं होतंस का?"

"मी कुठून पाहीन, बेबी? आमी आंगणात उभे राहो. मोजणारा आत. तो ओट्यावरून वतून दे, आमी खाली पदर पसरो. आमाले कोठारात कोण जाऊ देये?"

"मग कमी होतं हे कशावरून?"

तिनं लसणाची पाकळी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली मान घातली. "घरी शिजवलं का दिसे ना," ती म्हणाली. "चुलीपाशी खोटं चालत नाई."

त्या शनिवारी मी भैयाजींसमोर चिठ्ठी फाडली. म्हटलं, "दोन्ही सारख्या आहेत. माझं चुकलं. खोटी चिठ्ठी मी लावणार नाही. पण 'जुनी साधने' असलं काही लिहिणार नाही. पायल्या बिनचिठ्ठीच्या राहतील. खरं काय होतं ते मला कळेपर्यंत मी विचारत राहणार, तुम्हाला, गावाला, सगळ्यांना." मला वाटलं होतं त्यांना सुटल्यासारखं होईल. ते ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी ढोली पुसली नाही, आणि जाताना नेहमीचं "येतो, मॅडम" म्हणायचंही विसरले.

कधी कधी वाटतं, संग्रहालयं वस्तू जपतात हे किती अर्धवट आहे. पायली राहते, मोजणारा हात राहत नाही. तलवार राहते, ती नाचवणारा दम राहत नाही. आमच्या कपाटात धानकापणीचा इळा आहे, धार अजून बरी आहे, पण वाकून वाकून कायमची वाकलेली माझ्या आजीची पाठ कुठल्या कपाटात ठेवणार? हे सगळं ज्यांनी बघितलं ती माणसं आपल्याआधी निघून जातात आणि आपण वाळलेला कडुलिंब पसरत बसतो. तरी पसरायचा. न पसरून काय करणार? वाळवी काही आपल्या उदास होण्यानं थांबत नाही.

मंडईच्या दिवशी ऊन कोवळं होतं. चौकात दंडारीचा ढोल लागला होता. सुमनबाईनं कोठारासमोर सडा टाकून रांगोळी काढली होती आणि नव्या साडीत इकडून तिकडे फिरत होती. मी मायला भाड्याच्या गाडीनं आणलं. ती पांढऱ्या लुगड्यात, हातात काठी. आंगणात आली आणि ओट्याच्या अलीकडे, खाली, थांबली. मला वाटलं दम लागला. मग लक्षात आलं की ती बरोबर तिच्या जागेवर उभी राहिली होती.

भैयाजी दारात आले. मायनं हात जोडले. "जय भीम, भैयाजी."

"जय भीम, बाई," ते म्हणाले. "आत या."

ती उंबरा ओलांडून आत आली. मी तिचा हात धरला होता. आत बरेच लोक होते. भैयाजींच्या पुण्याहून आलेल्या सुना, नाती, गावातले म्हातारे. पायल्या फोटोखाली बिनचिठ्ठीच्या ठेवल्या होत्या. भैयाजी बाहेर गेले आणि स्कूटरवरून आणलेलं धानाचं पोतं स्वतः ओढत आत घेऊन आले. कुणाला हात लावू दिला नाही. जमिनीवर पोतं रिकामं केलं, ढिगाशी मांडी घालून बसले आणि एक पायली उचलली.

"मॅडमनं मोजून पाह्यलं," ते सगळ्यांना म्हणाले. "पायल्या सारख्या हायेत. मले ते पहिल्यापासून मालूम होतं. मी बोललो नाई. बोललो असतो तर पुढचं बी बोलावं लागलं असतं." त्यांनी वर फोटोकडे पाहिलं नाही. "बाबूजी मले लहानपणी इथीच बसवत. पाहा म्हणत. आता तुमी पाहा."

धान मोजताना आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. भैयाजींनी पायली ढिगात खुपसली, वर काढली, तळहात घट्ट दाबून वरून फिरवला. "लाभ," ते म्हणाले. "हे देयाचं." हात इतका दाबून फिरला होता की धान काठाच्या खाली गेलं होतं. मग दुसरी पायली भरली. तिच्यावर उजव्या हातानं धान घातलं, आणखी घातलं, पुन्हा घातलं, दाणे आपोआप घरंगळायला लागेपर्यंत. पायलीवर चांगली उंच शीग चढली. "हे घेयाचं," ते म्हणाले. "वर्षाची वर्षं असंच."

बाहेर ढोल वाजत होता. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. माझी माय, माझी आजी खोटं बोलत नव्हत्या, आणि हे त्यांच्या बाजूनं सांगायला जो उभा राहिला तो त्याच घरातला होता. मी खिशातून कोरी चिठ्ठी काढली. भैयाजी म्हणाले, "लिहा, मॅडम. आताच लिहा. बाबूजीचं नाव घालून लिहा."

मी पेनाचं टोपण काढलं तोवर माय काठी टेकत पुढे गेली होती. ती वाकून पायल्या बघत होती, जन्मात पहिल्यांदा. देण्याची पायली अजून भैयाजींच्या डाव्या हातात होती. नीट बघून झाल्यावर तिनं काठीचं टोक हळूच त्यांच्या हाताकडे केलं.

"भैयाजी," ती म्हणाली, "तुमचा अंगठा आत काऊन हाय?"

भैयाजींनी खाली पाहिलं. अंगठा काठावरून आत, मुळापर्यंत धानात बुडालेला होता. तो त्यांनी तिथे घातला नव्हता. लहानपणी पाहून पाहून तो आपोआप तिथे गेला होता. मग त्यांनी अंगठा बाहेर काढला. त्या जागी धानात खळगा पडला होता, आणि आजूबाजूचे दाणे त्यात एकेक करून घसरत होते.

"हे बी लिही, बेबी," माय म्हणाली.